खारा वारा, काजूची बागायत आणि वणवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डोंगराच्या पश्चिम उतारावर दीड हेक्टर काजू आहे. वरच्या अंगाला वन खात्याची हद्द, खाली व्हाळ (ओढा) आणि त्याच्या पलीकडे गाव. समुद्र सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर आणि हवा दमट. असे असूनही फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर का पेटतात? बागायत साफ केल्यावर पाचोळा कधी जाळावा? हवामानाच्या अंदाजात नेमके काय बघावे? आणि आग आलीच तर काय करावे?

आधी दमटपणाचे बघू. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरात दोन-चार गडगडाटी सरी येतात, त्यानंतर वळवापर्यंत जवळपास काहीच नाही. हा पाऊस वणव्यापासून वाचवतो अशी समजूत असते, पण जळण पिकवतो तो हाच. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, कमरेएवढे वाढणारे करड गवत, काजूखाली माजणारे रानमोडीचे तण, घाटाच्या अंगावरची कारवी हे सगळे पावसावर वाढते आणि डिसेंबरपासून वाळू लागते. त्यावर जानेवारीअखेरपासून माट्टी, किंदळ, सागवान पाने गाळतात. मार्चमध्ये जमिनीवर पाने सगळ्यात जास्त असतात आणि ती अजून कुजलेली, दबलेली नसतात; सुटी, पोकळ, हवा खेळती. मे महिना अंगाला जास्त उकडतो, पण तोवर हवेत बाष्प चढलेले असते आणि एखादी सर येऊन जाते. म्हणून काळजीचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत धरावा. थर्मामीटर मे महिन्यात वर जातो म्हणून मार्चमध्ये निर्धास्त राहणारे बागायतदारच बहुधा अडचणीत येतात.

गळून पडलेल्या पानात पाणी किती राहील हे भोवतालची हवा ठरवते. पापड दमट हवेत उघडा राहिला की मऊ पडतो आणि उन्हात ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो, पाचोळ्याचे तेच. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर पाचोळ्यात वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी राहते. आग लागली तरी रेंगाळते, विझते. आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की पाणी आठ-नऊ टक्के. २५ टक्क्यांवर आली की पाचच्या आसपास, आणि तेव्हा विडीचे थोटूकही पुरते. पान, गवत आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काडी तासा-दोन तासांत हवेबरोबर येते. अंगठ्याएवढी फांदी दिवसभर घेते, मनगटाएवढे लाकूड चार-पाच दिवस. म्हणून सकाळी सात वाजता दवाने ओली दिसणारी बागायत दुपारी एकला चक्क पेटाऊ असते. सकाळी बघून दिवसभराचा अंदाज बांधू नये.

आता वारा. आपल्याकडे रोजचे वेळापत्रक ठरलेले आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, म्हणजे पूर्वेचा. सकाळी नऊ-दहाला तो मंदावतो आणि थोडा वेळ हवा थबकते. दहा-अकराच्या सुमारास किनाऱ्यावर खारा वारा सुरू होतो, पश्चिम-वायव्येकडून. पणजी-मुरगावला तो आधी लागतो. फोंडा-डिचोली ओलांडून वाळपई, सांगे, धारबांदोड्याच्या पायथ्याशी पोहोचायला त्याला एक ते तीन वाजतात. किनाऱ्यावर दुपारी तो ताशी १५ ते २५ किलोमीटरने वाहतो. सूर्यास्तानंतर पडतो आणि रात्री उशिरा हवा पुन्हा डोंगरावरून खाली सरकू लागते.

धोका दोन प्रकारे येतो. एक, खारा वारा उशिरा येतो तेव्हा. दोन, तो येतो त्या क्षणी.

पहिल्याचे कारण घाटाच्या वर आहे. काही दिवस दख्खनवरून पूर्वेचा वारा जोरात असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. तिथली ३१-३२ अंशांची कोरडी हवा घाट उतरून खाली आली की दर शंभर मीटरला सुमारे एक अंश तापते, म्हणजे पायथ्याशी ती ३८-३९ अंशांची होऊन पोहोचते. बाष्प तेवढेच, तापमान वाढलेले. तापमान दहा-अकरा अंशांनी चढले की सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्मी होते. इथे वाढ सात-साडेसात अंशांची, म्हणून वर ४० टक्के असेल तर खाली ३० च्या आत. हाच वारा खाऱ्या वाऱ्याला समुद्रावर थोपवून धरतो. मग पणजीतही दुपारी एकपर्यंत समुद्राची झुळूक येत नाही, पारा ३७ च्या वर जातो आणि त्या दिवशी सत्तरीतल्या पाचोळ्याला ओलावा मिळतच नाही. असे तीन-चार दिवस लागोपाठ आले की मनगटाएवढी लाकडेही वाळतात आणि लागलेली आग रात्रीही विझत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात, साट्रे-मोर्लेच्या बाजूला आणि नंतर इतरत्र डोंगर पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी बादल्या लटकवून पाणी टाकले. तशा पाण्याने ज्वाला बसते, वेग तुटतो. पण बुंध्याशी आणि पाचोळ्याच्या खालच्या थरात धुमसणारे विझवायला माणसेच डोंगर चढून जावी लागतात.

दुसरा धोका जास्त फसवा. समजा सकाळी नऊला बागायतीच्या वरच्या कडेला, हद्दीजवळ आग लागली. पूर्वेचा मंद वारा तिला उताराने खाली, तुमच्याकडे ढकलतो. उतरती आग हळू चालते, ज्वाला गुडघ्याखाली राहते, मंडळी निवांत उभी राहतात. एक-दीडला वारा फिरतो. आता आगीचे तोंड डोंगराकडे, मागची आणि बाजूची लांबलचक किनार एकदम आघाडी होते. खाली काही पेटत असेल तर ते वर धावते. वारा बदलल्यावर हवा थोडी दमट होते हे खरे, पण पानाला ती पिऊन घ्यायला तासभर लागतो आणि वारा लगेच लागतो. तो एक तास सगळ्यात वाईट. पश्चिम उतारावर तर तीन गोष्टी एकत्र येतात: उतरते ऊन समोरून, खारा वारा पाठीमागून, आणि तापलेल्या उतारावर आपोआप वर चढणारी दरीची हवा. उताराचा कोन दर दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. सपाटीवर चालत मागे टाकता येणारी आग वीस अंशांच्या चढावर चौपट वेगाने येते आणि त्याच वेळी तुम्ही चढ चढत धापा टाकत असता. तुमची बागायत नेमकी पश्चिम उतारावर आहे, म्हणून दुपारी दोन ते पाच ही वेळ तुमची खास जोखमीची.

अंदाजात काय बघायचे? मोबाइलवर बहुतेक जण पणजीची आर्द्रता बघतात आणि ६०-६५ टक्के वाचून निश्चिंत होतात. त्या दुपारी वाळपईकडे ३० असू शकते. आपल्या गावाचे नाव टाकून दुपारी दोनचा आकडा बघा. हवामान खात्याच्या रोजच्या नोंदीत पणजी आणि मुरगावचे कमाल तापमान आणि ते सरासरीपेक्षा किती जास्त हे दिलेले असते. मार्चमध्ये पणजीची सरासरी ३२-३३ च्या आसपास. त्यावर तीन-चार अंश चढले की पूर्वेचा वारा जोर धरून आहे असे समजावे. किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असा आहे, पण आगीच्या दृष्टीने तिथवर थांबायचे कारण नाही. वाऱ्याचे नकाशे दाखवणाऱ्या अॅपमध्ये जमिनीवरचा वारा न बघता दीड किलोमीटर उंचीवरचा बघा. तिथे सकाळी पूर्वेचा वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर दिसला तर खारा वारा त्या दिवशी उशिरा येणार. आमचा साधा नियम: गावची दुपारची आर्द्रता ३० च्या खाली, किंवा वारा ताशी २० किलोमीटरच्या वर, यांपैकी एक जरी असेल तर बागायतीत काडीही ओढायची नाही. दोन्ही असतील तर फेणीची भट्टीसुद्धा पेटवू नये, आणि हे शेवटचे कोणालाच आवडत नाही.

अॅपवर भरवसा नसेल तर पान विचारा. उन्हात पडलेले काजूचे एक पान आणि सावलीतले एक पान घ्या. मुठीत चुरगळा. करकर मोडून तुकडे झाले तर कोरडे. वाकून राहिले तर ओलावा आहे. नेमके हवे असेल तर मोकळ्या अंगणात, हाताशी पाण्याची बादली ठेवून पानाचे टोक पेटवा. पेटलेले टोक वर धरा. ज्योत उलटी, वरून खाली सरकत राहिली तर पाचोळा अतिशय कोरडा. त्या दिवशी जाळणे बंद. आडवे धरल्यावर जळत राहिले पण पेटलेले टोक वर धरल्यावर विझले तर मध्यम. पेटलेले टोक खाली धरल्याशिवाय ज्योत टिकतच नसेल तर पाचोळा ओला. सावलीतले पान नेहमी मागे असते. दोन्ही पाने सारखीच जळू लागली म्हणजे झाडाखालची सावलीही आता राखण करत नाही. आणखी एक खूण: फेब्रुवारीत पहाटे दाट दव आणि धुके असते, आंब्या-काजूच्या मोहोराला ते नकोसे. पण ज्या सकाळी दव पडलेच नाही आणि सात वाजताही पायाखाली पाचोळा वाजतो, त्या दिवशी सावध.

आता सफाई. काजू खाली पडलेला दिसावा, बोंडू वेचता यावेत म्हणून हंगामाआधी झाडाखालचे माजलेले काढावेच लागते. ते कापून तिथल्या तिथे पेटवून देण्याची सवय मोडायला हवी. काजूची बारीक मुळे वरच्या थरात असतात, साल पातळ असते, फांद्या जमिनीला टेकतात. गुडघाभर ज्वालेची धगही वरचा मोहोर करपवायला पुरते आणि ते नुकसान आठवड्यानंतर दिसते. शिवाय राख झालेला उतार जूनच्या पहिल्या सरीत माती सोडतो.

करायचे ते असे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, रानमोडी हिरवी आणि बी धरण्याआधी, मुळासकट उपटा किंवा जमिनीलगत छाटा. फेब्रुवारीत छाटलेली रानमोडी हे दुहेरी दुखणे: बी पसरलेले असते आणि तेलकट खोडे आठ दिवसांत पेटण्याजोगी होतात. काजूच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या एक ते सव्वा मीटरपर्यंत उचला. जमिनीवरची आग झाडात चढते ती याच शिडीने. गोळा केलेला पाचोळा उताराला आडव्या चरांत भरा. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल असा चर दोन झाडांमध्ये एक. जांभ्यात खणणे अवघड जाते, पण ऑक्टोबरात जमीन मऊ असताना खणले तर जमते. पाचोळा दाबून वर चार बोटे माती टाका. माती न टाकता सोडलेला चर म्हणजे आगीसाठी भरून ठेवलेली चूल. झाडाच्या आळ्यात आच्छादन घालायचे तर बुंध्यापासून हातभर जागा उघडी ठेवा आणि वरून मातीचा हात फिरवा.

बागायतीला लागून ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड असेल तर तिथला थर वेगळा मोजावा. तिची पाने लवकर कुजत नाहीत, वीतभर साचतात आणि खालून धुमसत राहतात. जुन्या खाणींच्या डेपोंवर आणि रस्त्यांकडेला ही झाडे भरपूर आहेत. त्या बाजूची जाळरेषा दुप्पट रुंद हवी.

जाळरेषा म्हणजे जळण्यासारखे काहीही नसलेला, माती दिसणारा पट्टा. सपाटीला तीन मीटर पुरतो. वरच्या हद्दीला, जिथे चढती आग वन खात्याच्या जंगलात जाईल किंवा तिकडून येईल, तिथे सहा ते आठ मीटर. पट्टा उताराच्या मध्यावर घेऊ नये. पेटलेले ओंडके आणि बोंडे वरून गडगडत तो ओलांडतात. डोंगराच्या धारेवर, म्हणजे माथ्याच्या रेषेवर, किंवा धारेच्या जरा पलीकडे घ्या, कारण तिथे चढती आग आपोआप मंदावते. मध्यावरच घ्यावा लागला तर खालच्या कडेला वीतभर खोल नाली आणि बांध घाला म्हणजे गडगडणारे अडकेल. वरच्या फांद्या दोन्ही बाजूंनी भिडत असतील तर त्या तोडा. डिसेंबरात केलेली रेषा फेब्रुवारीत पुन्हा पानांनी भरते, मग ती कागदावरच राहते. दर आठ-दहा दिवसांनी झाडणी हवी. पेट्रोलवर चालणारा लीफ ब्लोअर भाड्याने मिळाला तर दाताळ्याने दिवसभर चालणारे काम एका सकाळी होते. पानांचा झोत नेहमी खालच्या किंवा बाहेरच्या बाजूला. ब्लोअरची टाकी गरम असताना पाचोळ्यात ठेवून पेट्रोल भरू नये. असा प्रकार सर्रास होतो.

तरीही काही जाळावेच लागले, रोगट फांद्या वगैरे, तर आधी पंचायत आणि वन खात्याचे जवळचे कार्यालय यांना विचारा. हंगामात बंदी असेल तर विषय संपला. परवानगी असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ, वारा जवळजवळ नाही अशा दिवशी. ढीग मीटर-सव्वा मीटर व्यासाचा, छातीच्या खाली. एका वेळी एकच. भोवती तीन मीटर खरवडलेली माती, झाडाच्या घेरापासून दहा मीटर लांब. दोन माणसे, दोनशे लिटर पाणी, १६ लिटरचा फवारणी पंप भरलेला, फावडे. रबर, प्लॅस्टिक, डिझेल टाकू नये. नऊनंतर नवीन काही टाकायचे नाही. दहाच्या आत पाणी ओतून, फावड्याने राख उलटीपालटी करून पुन्हा पाणी. हाताचा मागचा भाग राखेच्या जवळ नेऊन धग लागते का ते बघा आणि मगच जागा सोडा. संध्याकाळी जाळणे सोयीचे वाटते कारण वारा पडलेला असतो. पण मग ढीग रात्रभर धुमसतो, सकाळी कोणी बघत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा त्याला जागे करतो.

काजूचा हंगाम म्हणजे भट्ट्यांचाही हंगाम. हुर्राक, फेणी या काजूच्या दारूंच्या चुली नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये, नेमक्या काजूच्या झाडांत, चोवीस तास जळतात. भट्टीच्या चारी बाजूंना पाच मीटर माती उघडी ठेवा. लाकडांची रास वारा जिकडे जातो त्या बाजूला नको, म्हणजे दुपारच्या हिशेबाने चुलीच्या पूर्वेला रचू नये. ठिणग्या तिकडेच जातात. थंड करायला वापरलेले पाणी हाताशी असतेच, ते पिंपात साठवून ठेवा. राख रोजच्या रोज खड्ड्यात टाकून भिजवा. झाडाच्या बुंध्याशी खत म्हणून गरम राख टाकणे हे आगीचे ठरलेले कारण आहे. बागायतीतच काजू भाजण्याचेही तसेच. बीच्या कवचात तेल असते. भाजताना ते पेटत्या थेंबांच्या रूपात चार-पाच फूट उडते. ते अंगणातच करावे.

वीज खात्याच्या तारा बागायतीवरून जात असतील तर जानेवारीतच अर्ज करून फांद्या तोडून घ्या. दुपारी वारा सुटला की सैल तारा एकमेकींना लागतात आणि वितळलेल्या धातूचे कण खाली पाचोळ्यात पडतात. बांबू एकमेकांवर घासून वणवा लागतो ही लाडकी कल्पना आहे, पण प्रत्यक्षात जवळपास प्रत्येक आगीमागे माणूस असतो: नवे गवत यावे म्हणून पेटवलेले करड, मध काढणाऱ्यांची मशाल, शिकार, कुमेरीसाठी (फिरत्या शेतीसाठी) भाजलेली जमीन, सहलीची चूल.

आग दिसली की पहिले काम फोनचे. अग्निशमन दल १०१, किंवा ११२. ठिकाण सांगताना गाव, वाडा, गाडी कुठवर येते, आग डोंगराच्या कोणत्या अंगाला आणि कुठे चालली आहे एवढे सांगा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या नोंदींवरून इशारे मिळतात, नाव नोंदवले तर मोबाइलवर येतात, पण त्यावर विसंबू नये. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, ३७५ मीटर किंवा एक किलोमीटरच्या चौकोनात बघतो, आणि दाट झाडोऱ्याखालची छोटी आग त्याला दिसेलच असे नाही.

हाताने कोणती आग विझवता येते? ज्वाला छातीच्या खाली, साधारण सव्वा मीटरपर्यंत असेल तर. त्यावर गेली की माणसाने समोर उभे राहू नये. अशा वेळी मागे हटून व्हाळ, रस्ता किंवा तयार जाळरेषा गाठावी आणि तिथे थोपवावे. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, डोक्याला टॉवेल; नायलॉनची जर्सी अंगावर वितळते. प्रत्येकाला पाणी. एक माणूस उंचावर, फक्त वारा आणि धूर बघायला. त्याने ओरडले की वाद न घालता निघायचे. निघायची वाट आधी ठरलेली हवी, आणि सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे आधीच जळून गेलेला, थंड झालेला काळा पट्टा. चढत्या आगीच्या वर, डोंगराच्या घळीत, कारवीच्या दाटीत कोणीही जाऊ नये. घळ धुराड्याचे काम करते.

सुरुवात आगीच्या शेपटीकडून, जिथे ती लागली तिथून. मग बाजूच्या किनारीने तोंडाकडे सरकत जायचे, एका बाजूला कायम काळी जमीन ठेवून. हिरव्या पानांची डहाळी किंवा ओले गोणपाट ज्वालेवर दाबून आतल्या बाजूला ओढा. जोरात आपटले की ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. मागून दुसरा माणूस दाताळ्याने दोन-तीन फुटांची रेषा मातीपर्यंत खरवडत येतो: जळालेले काळ्या बाजूला, न जळालेले हिरव्या बाजूला. सरमिसळ झाली की निखारा हिरव्या ढिगात जातो. तिसरा फवारणी पंपाने, बारीक फवारा ज्वालेच्या मुळाशी. सोळा लिटर दहा मिनिटांत संपतात, म्हणून पंप उरलेल्या निखाऱ्यांसाठी राखा, उंच ज्वालेवर उधळू नका. समोरून दुसरी आग लावून पट्टा जाळण्याचा उपाय वन खात्याच्या अनुभवी माणसांवर सोपवा. वारा फिरायच्या वेळी ती आग तुमचीच होते.

घड्याळ डोळ्यासमोर ठेवा. साडेबारापर्यंत किनार आटोक्यात येत नसेल तर माणसे पश्चिम उताराच्या वरच्या अंगातून काढून घ्या. दोन तासांनी, वारा एकाच दिशेने स्थिर झाला की पुन्हा ठरवता येते.

किनाऱ्याकडच्या सड्यांवरचे गणित थोडे वेगळे. करड पानापेक्षाही लवकर वाळते आणि वारा तिथे अडत नाही, त्यामुळे आग पंधरा मिनिटांत सडा ओलांडते आणि तेवढ्याच लवकर विझते. तिथे उपाय आधीच करायचा: घराभोवती आणि रस्त्याकडेला दहा मीटर गवत डिसेंबरात कापून उचलून न्यायचे. माडाला लोंबणाऱ्या सुक्या झावळ्या काढायच्या, कारण गवताची आग त्यावरून थेट शेंड्याला जाते.

ज्वाला गेली म्हणजे आग गेली असे होत नाही. पोकळ खोडे, जुने बुंधे, वारुळे, जांभ्याच्या भेगांत साचलेली पाने दोन-तीन दिवस धुमसतात. रेषेच्या आतला दहा-पंधरा मीटरचा पट्टा पावलागणिक तपासा: फावड्याने उकरा, पाणी घाला, पुन्हा उकरा. उभे पेटलेले पोकळ झाड पाडायचे तर आतल्या बाजूला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी बारा ते तीन पहारा ठेवा, धूर तेव्हाच दिसतो.

कायद्याचे दोन शब्द, कारण तुमची हद्द जंगलाला लागून आहे. राखीव जंगलात किंवा त्याला धोका होईल अशी आग लावणे भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, अभयारण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे कलम ३० आहे. तुमच्या ढिगातून गेलेली आगही त्यात येते.

होरपळलेल्या काजूंना लगेच कोयता लावू नका. बुंध्यावर नखाने किंवा सुरीच्या टोकाने चारी बाजूंना साल खरवडा. खाली हिरवट, ओलसर लागले तर झाड जिवंत आहे. निम्म्याहून अधिक घेर तपकिरी असेल तर आशा कमी. मेलेल्या फांद्या मेमध्ये, नवी फूट कुठून येते हे बघून काढा आणि कापांवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र. तोडलेल्या फांद्या जाळू नका. उताराला आडव्या रचून खुंट्यांनी अडवा, पाच-सहा मीटर अंतराने एक ओळ, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत.